मैना सांगेल

ते एकोणीसशे नव्याण्णव साल होतं. बाबा पंपिंग स्टेशनातून निवृत्त झाले, आत्याच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला आणि आईच्या छातीतली गाठ साधी नाही असं कळलं, हे सगळं त्या एकाच वर्षात. पण घरात त्या वर्षाची ओळख राहिली ती 'मैना गप्प झाली ते वर्ष' अशी.

सर्जनच्या खोलीत ते घडलं. त्यांनी रिपोर्ट बाबांना समजावून सांगितला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आईकडे हात करून विचारलं, "यांना कोण सांगणार?"

"मैना सांगेल," बाबा म्हणाले. विचार करून नव्हे. इतक्या वर्षांत घरातल्या अर्ध्या वाक्यांचा शेवटच तसा व्हायचा. वीज जाणार आहे, मैना सांगेल. पाहुणे येणार नाहीत, मैना सांगेल.

आईची भाषा समुद्रापलीकडची. बाबांना कंपनीने पंप बसवायला तिकडे धाडलं होतं आणि ती तिथे भांडारात किल्ल्या सांभाळायची. लग्न करून इकडे आली ती 'ये, बस, जेव, दिवा घालव' एवढ्यावर थांबली. नवराबायकोची म्हणून एक मोडकी भाषा होती, साठसत्तर शब्दांची. तिच्यात संसार झाला, पण दुखणं आणि मरण तिच्यात मावत नव्हतं. दोन्ही बाजूंचं नीट येत होतं ते फक्त थोरल्या मुलीला. इकडचं उचलायचं, तिकडे टाकायचं. म्हणून आत्याने तिचं नाव ठेवलं मैना. शाळेत ती दोन भाषांमध्ये अडखळायला लागली तेव्हा बाईंनी बजावलं की घरात एकच भाषा बोला. म्हणून मग धाकट्याच्या वाट्याला आईची भाषा आलीच नाही. त्याला आईचे डोळे वाचता यायचे, वाक्य कळायचं नाही.

तर त्या दिवशी मैनेने आईकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. आईच्या भाषेतला एक शब्द येईना. पाणी कशाला म्हणतात तेही आठवेना. तिने पर्स उचलली आणि ती निघून गेली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची ती, दुकानाच्या वरच्याच दोन खोल्यांत राहायची. त्यानंतर कित्येक दिवस ती घरी आली नाही.

*

घरात पंचाईत झाली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाबा, आत्या आणि धाकटा बसले होते. आई तिथेच, त्यांच्यामध्येच, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आणि तिच्यासमोर तिचीच चर्चा चालली होती.

"सर्जन म्हणतो, तारीख लवकर ठरवा," बाबा म्हणाले.

"मग ठरव ना. तिला काय विचारायचंय?" आत्या म्हणाली. ही बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून शेजारच्या गल्लीत एकटी राहायची, पण राज्य या घरावर करायची.

"अक्का, सही तिची लागते."

"मग बोलाव की तुझ्या मैनेला. एवढी मोठी झाली, लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारते, आणि आईला एक वाक्य सांगायला जीभ झडली?"

"आत्या, हळू बोल," धाकटा म्हणाला.

"का? हिला कुठे कळतंय?"

आईने बाबांचा शर्ट झटकला, बाही आत घातली, कॉलर बोटाने सारखी केली. मग दाराजवळच्या रिकाम्या स्टुलाकडे, मैनेच्या नेहमीच्या जागेकडे बोट दाखवून तिने धाकट्याकडे पाहिलं. तो प्रश्न त्याला कळला. उत्तर द्यायला त्याच्याकडे एकही शब्द नव्हता. त्याने तोंडाने 'काम, काम' असं म्हटलं. आईने मान हलवली आणि पुढची घडी घातली. सव्वीस वर्षांचा बाप्या, दोन मुलांचा बाप, पण आईला थाप मारायलासुद्धा मला ताई लागते, हे त्या दुपारी त्याला फार लागलं.

संध्याकाळी तो दुकानात गेला. मैना एका म्हाताऱ्याच्या नाकावर तपासणीची लोखंडी चौकट ठेवून काचा बदलत होती. "हे बरं दिसतं, की मघाचं? घाई नाही. हे की मघाचं?" गिऱ्हाईक गेल्यावर तिने काचा पुसायला घेतल्या.

"ताई, आई तुझं स्टूल दाखवते रोज."

"मला माहीत आहे ती काय करत असेल ते."

"रागावलीस का आमच्यावर?"

"मी एका बाईंकडे जाते आहे," ती म्हणाली. "समुपदेशनासाठी. त्या म्हणतात, सगळ्यांनी एकदा तिथे यावं. आईनेसुद्धा."

"वेड्यांच्या डॉक्टरकडे? आत्या आपल्याला जिवंत ठेवेल का?"

"आत्यालाही आणायचंय," मैना म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला जरासं हसू आलं.

*

त्या बाई तिला सहजी मिळाल्या नव्हत्या. आधी एक डॉक्टर झाले होते. हुशार, घाईचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, घरच्यांनी तुमचा वापर केलाय, आता स्पष्ट नाही म्हणायला शिका, काही महिने संबंध तोडा. मैना तिथून बाहेर पडली आणि बस थांब्यावर बसून राहिली. या घरात तिने नाही म्हणणं म्हणजे आईचं तोंड बंद करणं. हे त्या भल्या माणसाला कसं सांगणार? ती परत तिकडे गेली नाही.

मग या बाई. उतारवयाच्या, पायात सपाता घालून बसणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "दार लावू की उघडं ठेवू?" मैनेला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली. बाई म्हणाल्या, "काय झालं ते आजच सांगायला हवं असं नाही. मधेच थांबावंसं वाटलं तर नुसता हात वर करा, कारण द्यायचं नाही."

तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "तुम्हाला ते आठवतं ते कुठल्या भाषेत?"

"भाषेत नाही. एक वाडगा दिसतो," मैना म्हणाली आणि तिने हात वर केला. बाई थांबल्या. त्यांनी खिडकी उघडली.

आणखी एकदा मैनेने विचारलं, "मी घर सोडून देऊ का?"

"सोडा किंवा धरा, हे सांगणारी मी कोण? माझे वडील परमुलखातले होते. आमच्याकडे त्यांचं बोलणं माझा भाऊ पोचवायचा. तो पुढे कुणाशीच बोलेनासा झाला." बाईंनी सपाता सारख्या केल्या. "आई तुमचीच राहणार. ते काम मात्र दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. त्यासाठी माणसं असतात."

*

ठरल्या दिवशी सकाळी सगळे आले. साधीच खोली. खुर्च्या गोल मांडलेल्या, कोपऱ्यात पाण्याचा जग. मैना आधीच दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. आई तिला पाहून तिच्याकडे निघाली, मग मधेच थांबली आणि बाबांशेजारी बसली. मुलगी आपल्यावर रुसली आहे असं तिला वाटत होतं, आणि रुसलेल्या माणसाजवळ न विचारता जाऊ नये, असं तिचं मत होतं.

आईच्या मागे, किंचित बाजूला, आखूड पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. ती दुभाषी. कोर्टात काम करायची. तिने दोन्ही भाषांत सांगितलं, "मी इथे नाही असंच समजा. इथे बोललेलं सगळं मी यांना सांगेन, काही गाळणार नाही. आणि या जे म्हणतील ते मी 'मी' म्हणूनच बोलेन."

"म्हणजे तुम्ही आमची वहिनी होणार?" आत्याने विचारलं.

"तेवढ्यापुरती."

"बघा हं. माझ्या भावाचं घोरणं ऐकावं लागेल."

दुभाषीने शांतपणे ते आईच्या कानाशी उतरवलं. आणि आई हसली. मोठ्याने, खळखळून, तोंडावर हात घेऊन. आत्या बघतच राहिली. जवळजवळ चाळीस वर्षं ती या घरात विनोद करत आली होती. सगळे हसायचे आणि आई सगळ्यांच्या तोंडांकडे पाहून मागाहून हसायची. आज ती वेळेवर हसली. आत्याने चष्मा काढून उगाच पुसला.

"आता तुम्ही," समुपदेशक बाई बाबांना म्हणाल्या. "काय सांगायचंय ते त्यांना सांगा."

"तिला सांगा की..."

"मला नको. त्यांच्याकडे बघून."

बाबा आईकडे वळले. एवढाले पंप उलगडून पुन्हा जोडणारा माणूस, पण बायकोच्या डोळ्यांत बघून एक सलग मोठं वाक्य ते कधी बोललेच नव्हते. त्यांनी सवयीने दाराकडे पाहिलं. मैना नकळत पुढे झुकली होती, ओठ उघडलेले.

"तुम्ही आज सुट्टीवर आहात," बाई तिला हलकेच म्हणाल्या. मैना मागे टेकली.

शांतता आत्याला कधी सोसली नाही. "कमाल आहे बाई! आमच्या वेळी एवढे लाड नव्हते. एवढी शिकलेली पोर, आईला एक वाक्य सांगायची वेळ आली तर पळून गेली. म्हणून हे सगळं नाटक."

आईच्या मागून दुभाषीचा आवाज येतच होता. 'पळून गेली'पर्यंत आल्यावर आईने मान वर केली. ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि दुभाषी म्हणाली, "कुठलं वाक्य? मला वाटलं मैना माझ्यावर रागावली. मला कुणी काही सांगितलं नाही."



"त्या वाक्यापासूनच पळाले," मैना मराठीतच म्हणाली. सगळे वळले. "मी पुन्हा खोटं बोलले असते. मला सर्जनच्या खोलीत तेच तोंडात आलं होतं. काही नाही आई, साधी गाठ आहे. ते तोंडात आलं आणि मग सगळंच बंद झालं."

"पुन्हा म्हणजे?" धाकट्याने विचारलं.

तिने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "तुमची इच्छा असेल तर. हात वर करायची मुभा आहेच."

"तुझ्या आधी एक बाळ होतं," ती धाकट्याला म्हणाली. हे त्याला उडत उडत माहीत होतं. त्या घरात याहून जास्त कुणी कधी बोललं नव्हतं. "अपुऱ्या दिवसांचं. दवाखान्यात ते खाली काचेच्या पेटीत आणि आई वरच्या मजल्यावर. मी चौथीत. ते गेलं तेव्हा बाबा बाहेर व्हरांड्यात होते. मला म्हणाले, जा, सांग आईला." ती थांबली. हात वर जाईलसं वाटलं, पण तिने तो मांडीखाली दाबून धरला. "मी आत गेले. आई टोपी विणत होती. मी म्हटलं, बाळ झोपलंय. तिने विचारलं, पोट भरलं का त्याचं? मी हो म्हटलं. आणि मग ती त्याच्यासाठी दूध काढून ठेवायला लागली. वाडग्यात. दुसऱ्या दिवशीही. मी कोपऱ्यात बसून बघत होते. माझ्यामुळे ती मेलेल्या बाळासाठी दूध काढत होती."

दुभाषीचा आवाज वाक्याच्या मागे वाक्य, खालच्या पट्टीत चालला होता. आई ऐकत होती. तिची नजर मैनेवर खिळलेली होती.

"तिला आत पाठवलं कुणी?" धाकटा बाबांकडे वळला. "चौथीतल्या पोरीला?"

"तिलाच भाषा येत होती रे," बाबा म्हणाले.

"तुम्हाला रडायला येत होतं ना? मग रडत आत जायचं! त्याला कुठली भाषा लागते?"

"बापाशी असं बोलतात?" आत्या म्हणाली, पण तिचा आवाज अर्ध्यात विरला. मग ती म्हणाली, "त्याला एकट्याला बोलू नकोस. तो खाली बसला होता रे, जमिनीवर. त्याला उठवेना. मैनेला दाराशी नेलं ते मी. मीच दार उघडून दिलं."

तेवढ्यात आई बोलायला लागली. हळू, सलग, बराच वेळ. या घरात ती एवढं लांब कधी बोललेली कुणाला आठवत नव्हतं. तिघांनी सवयीप्रमाणे मैनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आईचं बोलणं त्या चेहऱ्यावर आधी उमटायचं, मग शब्दांत यायचं. आजही उमटलं. मैनेचा चेहरा आधी पांढरा पडला, मग असा मोडला की धाकटा खुर्चीतून अर्धा उठला. पण तिने काही सांगितलं नाही. त्यांना थांबावं लागलं. मग मागून दुभाषी बोलली.

"मला माहीत होतं. दाराच्या वरच्या भागात धुरकट काच होती. तिच्यात मला माझ्या नवऱ्याची सावली दिसत होती. ती एकदम खाली गेली. माणूस असा कधी बसतो, ते मला ठाऊक होतं. नंतर पोरगी आत आली. तिचे दोन्ही मोजे घोट्यावर उतरले होते. ती म्हणाली, बाळ झोपलंय. मी म्हटलं, ठीक आहे, हिच्या तोंडून ते यायला नको. म्हणून मी विचारलं, पोट भरलं का. तिला सोपं जावं म्हणून."

आई थांबली, पाणी प्यायली, पुन्हा बोलली.

"दूध मी त्याच्यासाठी काढत नव्हते. दूध भरून आलं होतं. छाती फुटेल असं दुखत होतं, म्हणून काढत होते. दाई ते ओतून द्यायची. तुला वाटलं त्याच्यासाठी? इतकी वर्षं तुला असं वाटत होतं?"

"मग मला सांगितलं का नाहीस?" मैनेने विचारलं. विचारल्यावर तिच्या लक्षात आलं की तिने ते आईच्या भाषेत विचारलं होतं. दुभाषीने ते मराठीत बाकीच्यांना सांगितलं.

"सगळे म्हणत होते, लहान आहे, विसरेल. तू कधी काही बोलली नाहीस. मला वाटलं खरंच विसरलीस. मी विषय काढला असता तर तुला पुन्हा आठवलं असतं. आणि दुसऱ्या कुणाला विचारू, की माझी मुलगी कशी आहे? तुझ्याबद्दल विचारायचं तरी तुझ्याच तोंडून विचारावं लागत होतं."

आत्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब आला होता आणि तो पुसायचं तिला भान नव्हतं.

मग बाबांनी आपली खुर्ची फिरवली. तिचे पाय फरशीवर खरखरले. गुडघे आईच्या गुडघ्यांना टेकतील इतके ते पुढे सरकले आणि तिच्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या छातीतली गाठ वाईट आहे. कॅन्सर आहे. डावा स्तन काढावा लागेल." 'स्तन' हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. "मी तुला आधीच सांगायला हवं होतं. तेव्हाचंही, आणि हेही."

दुभाषीने सांगितलं. आईला हे मात्र माहीत नव्हतं. गाठ साधी नाही एवढंच आत्ता मैनेच्या बोलण्यातून कळलं होतं. तिचा हात आपोआप डावीकडे गेला आणि तिथेच राहिला. मैना जागीच ताठ झाली. तिला हेच बघायला नको होतं, याच चेहऱ्यापासून ती पळाली होती. पण आज ते शब्द तिचे नव्हते. दाराजवळची खुर्ची तिने उचलली, आईच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली आणि बसली.

आईने प्रश्न विचारले. एकामागून एक, नेमके. हात वर उचलता येईल का? काढल्यावर पुन्हा होणारच नाही, असं आहे का? आणि मी नको म्हटलं तर? हिला असे प्रश्न पडतील, असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. शेवटचा प्रश्न ऐकून आत्या म्हणाली, "नको कसं म्हणेल? आम्ही आहोत ना!"

"अक्का," बाबा म्हणाले, "विचार तिचा चाललाय. करू दे."

आईने छातीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "शुक्रवारी सांगते." आणि बाबांनी मान हलवली.

निघायच्या वेळी आईने मैनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी बोलली. दुभाषीने सवयीने तोंड उघडलं. आईने तिच्याकडे न बघताच एक हात उचलून तिला थांबवलं. ते वाक्य बाकी कुणाला कधीच कळलं नाही.

*

शुक्रवारी आईने होकार दिला. ऑपरेशन झालं, हात पूर्ण वर जायला लागला आणि त्यानंतर ती सात वर्षं जगली. तिचं बोलणं घरात दुभाषीच्या तोंडून थोडं, धाकट्याच्या तोंडून अधिक, असं यायला लागलं.

आत्या आईच्या भाषेतली दहाबारा वाक्यं शिकली, सगळी टोमणे मारण्यापुरती. भिंतीला टेकून दोघी बसायच्या आणि बाबांच्या घोरण्यावर हसायच्या. आईच्या आधी दीड वर्ष ती झोपेतच गेली. बाबा त्या बाईंकडे नंतर एकटेही जात राहिले. तिथे काय बोलायचे ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. परत येताना पंपिंग स्टेशनाच्या कठड्याशी उभे राहायचे. आई गेल्यावर तीन उन्हाळे त्यांनी काढले.

मैना बाईंकडे आणखी काही वर्षं जात होती. दार कधी उघडं, कधी लावलेलं. घरी ती यायची, स्टुलावर बसायची आणि कुणी 'मैना सांगेल' म्हटलंच तर म्हणायची, "मैना जेवतेय." पुढे ते दुकान तिने चालवायला घेतलं.

धाकटा मात्र आठवड्यातून दोनदा त्या दुभाषीकडे शिकायला जायचा. उच्चार वाईट, व्याकरण त्याहून वाईट. आई त्याला लहान मुलासारखं सुधारायची आणि तो लहान मुलासारखा चिडायचा.

ज्या सकाळी आई गेली, त्या सकाळी मैना दुकानात होती. एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट ठेवून विचारत होती, "हे बरं, की मघाचं?" दारात धाकटा उभा राहिला. त्याने फोन केला नव्हता, कुणाला पाठवलं नव्हतं, तो स्वतः आला होता, रडत. तो तिच्याजवळ आला, तिच्या हातातली काच काढून घेऊन टेबलावर ठेवली, आणि आई गेल्याचं आईच्या भाषेत, आपल्या वाईट उच्चारांत, तिला सांगितलं.